फक्त प्रमाणित प्रेषक

"मनकर्णा, तुरीवर मुगवड्या कोनं टाकल्या?"

"मीच टाकल्या. तुमच्या तुरीले काई खात नाईत त्या."

"भेसळ होते ना."

"होऊ द्या. वरनात एखांदी मुगवडी निंगाली त मले वाढा."

आईनं अंगणातल्या ताडपत्रीकडे न पाहताच उत्तर दिलं आणि उरलेल्या मुगवड्या हातानं सारख्या केल्या. बाबा ओट्यावरून उतरले, ताडपत्रीच्या कडेला उकिडवे बसले आणि मुगवड्या एकेक उचलून सुपात ठेवू लागले. आई पुन्हा टाकत होती, ते पुन्हा उचलत होते. मी ओट्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. पुण्याहून आठवडाभरासाठी आसेगावला आले होते आणि रजा न घेता घरूनच काम करत होते.

बाबांची सगळी नोकरी बियाणे प्रमाणीकरणात गेली. शेतकऱ्यांनी बियाण्यासाठी घेतलेल्या प्लॉटवर जायचं, ओळीओळीतून फिरायचं, वेगळ्या जातीचं झाड दिसलं की उपटायला लावायचं. पीक उतरलं, प्रयोगशाळेत पास झालं, की बॅगेच्या तोंडाला निळा टॅग शिवला जायचा. "टॅग शिवला म्हंजे आपून जबान देल्ली," असं ते म्हणत. निवृत्त झाल्यावरही कुणाच्या घरी बसले की कोपऱ्यातल्या बॅगेचा टॅग उलटून वाचायचे. लग्नघरीसुद्धा.

मुगवड्यांचा निकाल लागल्यावर ते माझ्याकडे आले. हातात टॅब होता. तो ते आरतीचं ताट धरावं तसा दोन्ही हातांत धरत.

"जोसना, एक गंमत दाखवतो तुले. पाय."

मी पाहिलं. त्यांच्या ईमेलचं पान होतं. त्यावर मोजकीच पत्रं. एक खताच्या कंपनीचं, एक विम्याचं, एका बँकेचं कर्ज देऊ करणारं, एक बुटांच्या दुकानाचं. प्रत्येक नावापुढे छोटी निळी खूण.

"साफ वावर. एक बी भेसळीचं झाड नाई."

"हे कवा केलं तुमी?"

"दिवाळीनंतर. थो लाटरीवाला, थो कुरिअरवाला, थो आज रात्री लाइन कापतो म्हननारा, रोज हजर. एक दिवस सेटिंगमंदी गेलो. 'फक्त प्रमाणित प्रेषक' असं लिहेल दिसलं. देल्लं दाबून. आता ज्याले टॅग हाय थोच घरात. बाकीचे सारे भेसळीच्या डब्यात."

"तवापासून मांडीवरच घेऊन बसते," आई म्हणाली. "नातू असता त त्याले बी इतकं घेतलं नसतं."

"नातू आन ना मंग. मी कोनत्या टॅगचा मांगून राह्यलो?"

मला हसू आलं. पण हा माझ्याच कामाचा विषय होता, त्यामुळे गप्पही बसवेना. आमची कंपनी कार्यालयांसाठी मेल चाळण्याची व्यवस्था बनवते. काही आठवड्यांपासून आमच्यात वाद चालू होता: ज्या पाठवणाऱ्याकडे अशी प्रमाणित खूण आहे, त्याच्या पत्राची तपासणी सैल करावी का? बरेच जण म्हणत होते, करावी. असा पाठवणारा कोण आहे ते माहीत असतं, त्याला जाब विचारता येतो. मी विरोधात होते. त्या सकाळी ओट्यावर बसून मी तेच मत लिहीत होते.

"बाबा, थ्या टॅगचा अर्थ इतकाच हाय का पाठवनारा कोन थे खरं हाय. त्यानं आपलं बोधचिन्ह नोंदवलं, वर्षाची फी भरली, नियम पाळले. पन थो जे पाठवते थे कामाचं हाय असं नाई. अन ज्याच्यापाशी टॅग नाई थो लबाड हाय असं त बिलकुलच नाई."

"बिनटॅगचं बियानं पेरते काय कोनी?"

"पेरते ना. आर्धा तालुका घरचंच सोयाबीन पेरते."

"अन मंग बोंबलते."

"टॅगवालं पेरून बी बोंबलले व्हते. बाबूलालकाका."

बाबांनी टॅब बंद केला. "बाबूलालनं खोल पेरलं व्हतं," ते म्हणाले, आणि विषय तिथे संपला.

बाबूलालकाका तांड्यावरचे. एका वर्षी त्यांनी बाबांच्या सांगण्यावरून निळ्या टॅगचं सोयाबीन घेतलं आणि ते उगवलंच नाही. मातीतून उकरलेल्या कुजक्या बिया रुमालात बांधून ते आमच्या ओट्यावर आले होते. बाबांनी शांतपणे विचारलं, किती बोटं खोल पेरलं, पाऊस किती झाल्यावर पेरलं, आणि निकाल दिला की पेरणी चुकली. काकांनी दुसऱ्यांदा पेरलं. पुढे त्याच लॉटच्या बॅगा घेतलेल्या आणखी घरांतूनही तीच तक्रार आली, ती आम्ही सगळ्यांनी ऐकली, बाबांनीही ऐकली. त्यावर घरात कधी बोलणं झालं नाही. बाबूलालकाका दर बाजाराला चहाला येत राहिले. बाबा रागीट होते असं मुळीच नाही. उलट ते इतकं पाहून, तपासून, सावकाश बोलत, की त्यांना चुकलात म्हणायला आमच्यापैकी कुणाची जीभच वळली नव्हती. माझीही नाही. मोठी होऊन शहरात गेल्यावर मी पुष्कळ माणसांना त्यांच्या चुका सांगितल्या, आणि त्याचा मला पगार मिळतो.

जेवायला आईनं हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा घोळाणा केला होता. माझा धाकटा भाऊ हरीओम शेतातून आला आणि पाय न धुताच पाटावर बसला, म्हणून बोलणी खाल्ली. बाबांना महिन्यापूर्वी शेतात भोवळ आली होती. हरीनंच त्यांना अकोल्याला एका लहानशा हृदयतपासणी केंद्रात नेलं होतं. तिथे छातीला तारा चिकटवून एक दिवस आणि एक रात्र यंत्र गळ्यात घालून ठेवलं होतं. ते काढून आता काही दिवस झाले होते.

"रिपोर्टचं काय झालं हो?" आईनं विचारलं.

"आला असता त दिसला असता."

"फोन करून इचारू काय?" हरी म्हणाला.

"फोनवरचं बोलनं वाऱ्यावरचं. मी फार्मावर लिहून देल्लं, लेखी पाठवा, मेलवर पाठवा. अन हे पाय हरी, खराब असतं त पहिले कळवते लोकं. काई नसंल म्हनून निवांत हायेत. भाकर वाढ."

आईनं भाकर वाढली. घोळाण्यात तेल कमी झालं असं बाबा म्हणाले, आणि तरी दुसऱ्यांदा घेतला. दुपारी ते खाटेवर आडवे झाले, संध्याकाळी तूर झाकून ठेवली, आणि बातम्या पाहताना नेहमीसारखे झोपून गेले. मला त्या दिवसाबद्दल आणखी काही आठवायला हवं असं वाटतं. नाही आठवत. साधा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते हरभऱ्याला पाणी द्यायला गेले. हरी मागून पोचला तेव्हा ते शेताच्या धुऱ्यावर पडलेले होते आणि पाइपातून पाणी वाहत होतं. गाडीत घातलं. मंगरूळपीर यायच्या आधीच सगळं संपलं होतं, पण हरीनं गाडी थांबवली नाही.

दहन झालं. लोक कडुलिंबाचा पाला चावून आपापल्या घरी गेले. दाखल्यासाठी बाबांचे जुने कागद हवे होते, म्हणून मी टॅब उघडला. त्यांच्या पत्रांच्या पानावर एक नवं पत्र आलेलं होतं, बुटांच्या दुकानाचं, निळ्या खुणेचं: "जानरावजी, बऱ्याच दिवसांत दिसला नाहीत!" मी सवयीनं स्पॅमचा कप्पा उघडला. कामावर मी दिवसातून कितीदा तरी असे कप्पे उघडते.

लॉटरी आणि कुरिअर यांच्या मधोमध अकोल्याच्या केंद्राचं पत्र होतं. विषय: तातडीचे. रात्री झोपेत हृदयाचे ठोके मधेमधे थांबत आहेत, थांबण्याचा काळ धोक्याचा आहे, रुग्णाला ताबडतोब दाखल करावं, पेसमेकर बसवावा लागेल, फोन उचलला जात नाही. खाली नाव, डॉक्टर नवीन. त्याच्या वर त्यांचंच आणखी एक पत्र होतं: कृपया हे वाचताच कळवा. दोन्ही पत्रं आम्ही घोळाणा खात होतो त्याच्या आधीची होती. बाबांनी मला साफ वावर दाखवलं तेव्हा ती आत पडलेली होती.

मग फोन पाहिला. अकोल्याच्या नंबरवरून आलेले, न उचललेले फोन होते. अनोळखी नंबर उचलायचा नाही, हाही नियम बाबांनी दिवाळीनंतरच केला होता. माझा किंवा हरीचा नंबर त्यांनी केंद्राला दिलाच नव्हता. पोरांना कामात कशाला त्रास.

मी टॅब आईच्या साड्यांच्या पेटीवर ठेवला आणि तिच्याजवळ जाऊन बसले. हरीनं केंद्राला फोन केल्यावर रिपोर्ट वाईट होता हे तिलाही कळलं होतं. ती बसायला आलेल्या बायांना सांगत होती, "यायनं जन्मात एक पाऊल न पाहता टाकलं नाई. दवाई बी तारीख वाचून घेत. अन अशा मानसाले त्या लोकायनं मारून टाकलं माय, एका कागदापायी." बाया मान हलवत होत्या. तिचा आवाज ठाम होता. त्या एका वाक्याला धरून ती बसली होती, आणि ते सुटलं तर ती कशाला धरील हे मला कळेना.

बाहेर हरी पुन्हा केंद्राशी फोनवर ओरडत होता. "कायले खोटं बोलता? मी सोता उघडून पाह्यलं त्यायचं मेल! बुटाची जाहिरात आली, बँकेची आली, तुमचाच रिपोर्ट येवढा कुठी उडाला?"

तो खोटं बोलत नव्हता. त्यानं पाहिलं होतं ते पान मीही पाहिलं होतं.

मी डॉक्टर नवीन यांना फोन केला. परसातल्या गोठ्यामागे उभी राहून. त्यांचा आवाज तरुण होता आणि थकलेला.

"तुमच्या भावाशी बोलणं झालं माझं," ते म्हणाले. "म्हणजे त्यांनी बोलून घेतलं. मॅडम, मी सारखा विचार करतो आहे की गाडी काढून आसेगावला माणूस पाठवायला हवा होता. पत्ता होता माझ्याकडे."

"पत्र आलं होतं, डॉक्टर. स्पॅममध्ये गेलं होतं."

ते म्हणाले, "असं होतं आमच्या पत्रांचं. त्या खुणेची चौकशी केली होती मी. बोधचिन्हाची नोंदणी, दरवर्षीची फी. दोन खोल्यांचं केंद्र आहे हो. म्हटलं, पुढच्या वर्षी बघू." आणि थोड्या वेळानं, "घरच्यांना सांगाल का हे? तुमचे भाऊ तेरवीनंतर माणसं घेऊन येणार म्हणतात. काळं फासणार म्हणतात. माझ्याकडे रिसेप्शनला एक मुलगी असते, ती दोन दिवस झाले यायला घाबरते आहे."

"सांगते," मी म्हणाले.

सांगितलं नाही. सकाळी ठरवायचे की दुपारी सांगू, दुपारी आई भिंतीला टेकून डोळे मिटलेली दिसायची. हरीला एकट्याला गाठून सांगावं, तर तो आधी आईकडेच धावत जाईल हे माहीत होतं. आणि खरं कारण तेही नव्हतं. माझ्या तोंडून ते वाक्य निघालं की बाबांचं मरण त्यांच्याच बोटानं ओढवलेलं ठरणार होतं. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या बियाण्याची खात्री दिली, त्याला मी, त्याचीच मुलगी, माझ्या धंद्याच्या भाषेत नापास करणार होते.

मधेच पुण्याहून जिनलचा फोन आला. ती माझ्याच गटात काम करते.

"आत्ता विचारणं बरं नाही, ज्योत्स्ना, पण त्या खुणांच्या प्रश्नावर निर्णय व्हायचा आहे. तुझं मत अर्धंच राहिलंय. मी तुझ्या नावानं विरोध नोंदवू का?"

"कशाला विरोध?"

"खूण आहे म्हणून तपासणी सैल करायला. तुझंच म्हणणं आहे ना ते?"

होतं. अर्धं लिहिलेलं मी पुन्हा वाचलं. सगळं बरोबर होतं. खुणेला वजन दिलं की ज्यांना ती परवडते ते आत येतात, ज्यांना परवडत नाही ते हळूहळू संशयित होतात, आणि ठकांना कधी ना कधी खूण असलेल्याच घराचं मागचं दार सापडतं. वाक्यं नीट होती, एकही जास्तीचा शब्द नव्हता. पण खुणा नकोत असं ठरलं असतं, तर दिवाळीनंतरच्या कुठल्या तरी सकाळी तो लाइन कापणारा बाबांपर्यंत पोचलाच असता, आणि बाबा त्यात सापडले असते तर त्या शरमेनंही ते फार जगले नसते. खुणेवर विसंबू नका असं मी लिहीन. माणसं कशावर तरी विसंबणारच. रोज सगळं उकरून पाहत कुणी जगू शकत नाही. ज्यांना ते जमतं असं मी समजत होते, तेच तर बाबा होते.

"ज्योत्स्ना?"

"तुला वाटेल ते नोंदव," मी म्हणाले.

तेरवीला सगळं गाव जेवून गेलं. पत्रावळी उचलल्या जात होत्या तेव्हाच अंगणाबाहेर दोन गाड्या येऊन उभ्या राहिल्या. हरीचे मित्र, भावकीतली पोरं. एकाच्या हातात काळ्या रंगाचा डबा होता आणि तो कुठे धरावा हे त्याला कळत नव्हतं. मुंडण केलेल्या डोक्यानं हरी त्यांच्यात उभा होता. तो इतका लहान दिसत होता, की मला त्याला आत नेऊन झोपवावंसं वाटलं.

बाबूलालकाका पुढे झाले. "हरी, लेकरा, आज तेरवी हाय. आज नको."

"काका, तुमी नका बोलू. तुमचा बाप मेला असता त?"

"माहा बाप बी मेला रे. मी कोनाले मारत नाई सुटलो."

"तुमचा म्हातारा होऊन मेला. माह्याले मारलं."

काकांनी मान खाली घातली आणि बाजूला झाले. मला वाटलं होतं, आई हरीला थांबवील. ती दारात आली. तिनं पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला, पायऱ्या उतरली आणि पहिल्या गाडीचं दार धरलं.

"मी बी येतो," ती म्हणाली. "मले त्या डाक्टराचं तोंड पाह्यचं हाय एक डाव. त्याले इचारतो, बाबू, एक कागद पाठवाले तुह्या हाताले काय झाल्तं?"

पोरांनी तिला चढायला हात दिला. हरी पुढच्या सीटकडे वळला. अकोल्यात दोन खोल्यांच्या त्या केंद्रात आत्ता कोण असेल याचा मी विचार केला, आणि मग विचार केला नाही. मी चालत जाऊन गाडीपुढे उभी राहिले.

"बाजूले हो ताई."

"रिपोर्ट आल्ता, हरी."

"कोनाले आल्ता?"

"बाबांले. टॅबमंदी हाय. दोन डाव पाठवला त्यायनं. फोन बी केले."

"मी पाह्यलं ना! मी माह्या डोयानं पाह्यलं, नाई आला!"

"तू समोरचं पान पाह्यलं. थो दुसऱ्या डब्यात व्हता, लाटरीच्या कचऱ्यात."

गाडीचं इंजिन चालू होतं, ते कुणी तरी बंद केलं. मग पत्रावळी उचलणाऱ्या बायाही थांबल्या आणि अंगणात कुणीच हलेना. आई गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवून तशीच उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. गेले सगळे दिवस तिनं कुणाकडे असं पाहिलं नव्हतं.

"थ्या डब्यात कोनं टाकला?" तिनं विचारलं.

बाबूलालकाका माझ्याकडे पाहत होते. मला म्हणायचं होतं, यंत्रानं टाकला. ते खोटं झालं नसतं.

"कोनं टाकला, जोसना?"

"बाबांनी," मी म्हणाले. "टॅग नसन त्याचं काईच घरात येऊ नये असं त्यायनंच करून ठेवलं व्हतं. डाक्टरनं पाठवलं, आई. बाबा चुकले. बाबा चुकले, अन मी त्यायले कवाच म्हनलं नाई."